गंजाखालचे पोलाद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फ्ली मार्केटमध्ये आणि गॅरेज सेलमध्ये मिळणाऱ्या सुतारकामाच्या जुन्या हत्यारांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : समोर हत्यारांचा ढीग असतो, बहुतेक सगळी गंजलेली असतात आणि फार वेळ निरखत बसण्याची सोय नसते. अशा वेळी घेण्याजोगे हत्यार ओळखावे कसे?

गंज दिसला म्हणून हत्यार बाजूला टाकू नये आणि चकाकते म्हणून उचलूही नये. वरवरचा तांबूस गंज थोड्या मेहनतीने निघतो. गंजाने पोलाद खाऊन खड्डे पाडले असतील, तर मात्र ते नेमके कोठे पडले आहेत यावर निर्णय अवलंबून असतो. पटाशीची सपाट पाठ आणि तिचा उतार जेथे एकमेकांना मिळतात तेथे धार तयार होते. म्हणून पाठीवर, धारेपासूनच्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरांत खोल खड्डे असतील, तर ती पटाशी कितीही वेळा पाजवली तरी धारेत खाचा उमटत राहतात. तेच खड्डे मुठीजवळ असतील तर कामात काहीही अडत नाही, आणि अशी पटाशी केवळ दिसायला वाईट म्हणून सोडून देणे हे नुकसानच होय.

यानंतर पोलाद किती शिल्लक आहे ते पाहावे. जुन्या पटाश्या आणि रंध्यांची पाती पुष्कळदा मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडून घडवलेली असत. उतारावर प्रकाश तिरपा पडेल असे हत्यार धरले, तर दोन धातूंमधली बारीक रेघ दिसते. हा थर पात्याच्या संपूर्ण लांबीभर असतोच असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाजवून आखूड झालेल्या पात्यात तो संपत आलेला असू शकतो, आणि तो संपल्यावर उरलेल्या लोखंडाला धार टिकत नाही. त्याचप्रमाणे आधीच्या मालकाने ग्राइंडरवर टोक निळे पडेपर्यंत तापवले असेल, तर तेवढ्या भागातील पोलादाचे पाणी उतरलेले असते. निळा रंग साध्या कार्बन पोलादावर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो आणि धारेच्या हत्यारासाठी हे तापमान फार होते. हा रंग घासून लपवता येत असल्यामुळे मी एक लहान, बारीक कानस जवळ ठेवतो आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन पात्याच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवून पाहतो. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. ती सहज चावत असेल तर टोक मऊ पडले आहे. मऊ भाग काही मिलिमीटरच असेल, तर तो घासून काढल्यावर मागे चांगले पोलाद मिळते, त्यामुळे तेवढ्यावरून हत्यार नाकारण्याचे कारण नाही.

बिडाच्या रंध्याची तपासणी वेगळी असते. बीड वाकत नाही, तडकते, आणि हात सुटून खाली पडलेल्या रंध्याचा तडा बहुधा तोंडाच्या, म्हणजे पाते जेथून बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यातून निघून बाजूच्या भिंतीवर चढतो. म्हणून शक्य असल्यास पाते काढून तळ आणि दोन्ही बाजू अंगठ्याने पुसून पाहाव्यात. एखादी पिवळसर रेघ दिसली, तर तेथे पूर्वी पितळी झाळ दिलेली आहे असे समजावे. वापरण्यासाठी असा रंधा चालू शकतो, मात्र त्याची किंमत धडधाकट रंध्याइतकी देऊ नये. सगळे स्क्रू जागेवर आहेत का, हेही पाहावे. ही बाब किरकोळ वाटते, पण स्टॅन्ले या अमेरिकी हत्यारे बनवणाऱ्या कंपनीच्या रंध्यांतील अनेक स्क्रूंचे आटे प्रचलित मापांचे नसल्यामुळे हरवलेल्या एका स्क्रूसाठी दुसरा मोडका रंधा शोधावा लागतो.

लाकडी रंध्यांवर किडीची भोके असतील तर ते टेबलावर ठोकून पाहावे. ताजा भुसा गळाला तर कीड जिवंत आहे, आणि तो रंधा घरातील इतर लाकडाजवळ नेऊ नये.

प्रश्न : मला मिळालेल्या स्टॅन्लेच्या रंध्यावर ‘मार्च २५, ०२’, ‘ऑगस्ट १९, ०२’ आणि ‘एप्रिल १९, १०’ अशा तीन तारखा ओतीव अक्षरांत आहेत. हा रंधा १९०२ सालचा मानावा का?

नाही. या पेटंटांच्या तारखा आहेत आणि त्यांवरून रंधा कधी बनला हे थेट कळत नाही, केवळ तो कोणत्या सालाच्या आधीचा नाही एवढेच कळते. तिसरी तारीख १९१० सालची असल्यामुळे आपल्या रंध्याचा सांगाडा त्याआधीचा असू शकत नाही. अमेरिकेत त्या काळी पेटंटची मुदत १७ वर्षांची होती, त्यामुळे एकच तारीख वर्षानुवर्षे साच्यात राहत असे. आता लीव्हर कॅप, म्हणजे पाते दाबून धरणारे वरचे झाकण पाहावे. त्यातील स्क्रूचे भोक किल्लीच्या भोकासारखे असेल तर ते झाकण सांगाड्याच्या काळाशी जुळते. भोक घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे असेल तर झाकण १९३३ किंवा त्यानंतरचे आहे आणि कोणी तरी ते मागाहून बसवलेले आहे. या रंध्यांचे भाग एकमेकांत बसत असल्यामुळे असे मिश्रण सर्रास आढळते. संग्राहकाला ते खटकेल. ज्याला लाकूड रंधायचे आहे त्याने या गोष्टीवरून रंधा परत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गंज काढण्यासाठी व्हिनेगर चांगले की विजेची पद्धत? वायर ब्रश लावलेले ड्रिल वापरले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण नुकसान तेथेच होते. वेगाने फिरणारा वायर ब्रश कडा गोल करतो आणि निर्मात्याची ठशाची अक्षरे पुसट करतो. ती अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत, म्हणून तो टाळावा.

हलक्या गंजाला तेल आणि बारीक पॉलिश पेपर पुरेसा होतो. गंज दाट असेल तर व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचे पाणी उपयोगी पडते, पण आम्ल गंज संपल्यावर पोलादालाही लागते. हत्यार त्यात टाकून विसरू नये, काही तासांनी काढून घासून पाहावे. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारावे, लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. हे शेवटचे काम लांबणीवर टाकले तर उघड्या पोलादावर पाहता पाहता नवा गंज चढतो.

विजेच्या पद्धतीत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडतात. गंज सुटतो आणि चांगल्या धातूला इजा होत नाही, ही तिची मोठी सोय आहे. दोन गोष्टींत मात्र हयगय नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमची संयुगे पाण्यात उतरतात. आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. तारा जोडताना किंवा काढताना चार्जर बंद असावा. मूठ आणि पितळी भाग आधी सोडवून ठेवावेत. हत्यारावर जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये.

गंज गेल्यावर जी काळसर छटा उरते ती राहू द्यावी. तिने पोलादाला अपाय होत नाही आणि हत्याराचे वय तिच्यावरून कळते.

प्रश्न : गॅरेज सेलमध्ये विकणाऱ्याला हत्याराचे मोल ठाऊक नसते. आपण ते सांगावे का?

समोर व्यापारी असेल तर घासाघीस दोन्ही बाजूंना मान्य असते आणि तेथे गप्प राहण्यात गैर नाही. पण पुष्कळदा टेबलामागे दिवंगत सुताराची पत्नी किंवा मुले असतात आणि त्यांना वडिलांची पेटी केवळ जागा अडवणारी वस्तू वाटत असते. अशा वेळी एखादी वस्तू खरोखर दुर्मीळ असेल, तर मी ती काय आहे हे सांगतो आणि मग माझी किंमत सांगतो. अनेकदा त्यानंतर ते आतून आणखी हत्यारे काढून दाखवतात आणि ती कोण कशासाठी वापरत असे तेही सांगतात. ही माहिती लिहून हत्याराबरोबर ठेवावी, कारण ती दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

प्रश्न : जुन्या करवतीच्या मुठीवरील पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपिरियर’ असे लिहिले आहे. ही कोणती कंपनी?

हे कंपनीचे नाव नाही. अनेक कारखाने दुय्यम प्रतीच्या किंवा इतरांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या करवतींना असा बिल्ला लावत. फिलाडेल्फियात १८४० साली सुरू झालेल्या डिस्टन कारखान्याच्या मुख्य करवतींवर त्यांच्या नावाचा बिल्ला असतो आणि तो काळानुसार बदलत गेल्यामुळे त्यावरून करवतीचे वय बरेचसे ठरवता येते. पण डिस्टननेही ‘वॉरंटेड सुपिरियर’ बिल्ल्याच्या करवती बनवल्या आहेत. म्हणून खरा पुरावा पात्यावर शोधावा. कारखान्याचे नाव पात्यावर आम्लाने कोरलेले असे आणि ते गंजाखाली झाकलेले असू शकते. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेल लावून, पात्याच्या मधल्या भागावर लांबीच्या दिशेने सावकाश घासावे. पेपर बोटांनी दाबून घासला तर तो अक्षरांच्या खोलगट भागात शिरून ती पुसतो. खोलगट अक्षरांतला काळेपणा तसाच राहतो आणि भोवतालचे पोलाद उजळते, तेव्हा नाव वाचता येऊ लागते. तेथेच थांबावे.

घेण्यापूर्वी मात्र करवत डोळ्यासमोर आडवी धरून दात्यांच्या रेषेतून पाहावी. पाते सगळीकडे सारखे वाकलेले असेल तर ते हाताने उलट वाकवून सरळ करता येते. एकाच ठिकाणी तीव्र मोड पडली असेल तर ती काढण्यासाठी ऐरणीवर ठोकण्याचे कसब लागते, आणि नवशिक्याने अशी करवत घेऊ नये.