वही लिहा, पण ती घरात ठेवू नका

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मारहाणीची नोंद ठेवली तर कोर्टात चालते का, रोज लिहावं लागतं का, आणि सासरचे मोबाईल तपासतात तर ठेवायची कुठे. तिसऱ्यापासून सुरू करते. बायकांसोबत पोलीस ठाण्यात नि कोर्टात जाऊन जाऊन मला एवढं कळलंय की कपाटात सापडलेल्या वहीपायी पुन्हा मार बसतो.

वही घरात नको. पण माहेरीसुद्धा डोळे झाकून देऊ नका. आपल्याकडे आई-बाप जीव लावतात, आणि तेच "मिटवून घ्या" म्हणून जावयासमोर वही काढतात. मावशी, चुलत बहीण, शाळेतल्या बाई, जिच्या पोटात गोष्ट राहते तिच्याकडे ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाल तेव्हा तिच्या हाती द्यायला बरं पडतं. मोबाईलवर जखमेचा फोटो काढलात तर तो तिला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मग तुमच्या फोनवरचा मेसेज आणि फोटो दोन्ही डिलीट करा, डिलीट केलेले फोटो जातात त्या 'बिन'मधूनसुद्धा. मूळ फाईल तिच्याकडे जपून राहू द्या.

रोज लिहायची गरज नाही. घडलं त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लिहा. "आज पुन्हा खूप त्रास दिला" याचा उपयोग नाही. असं लिहा: "१२ जून, गुरुवार, रात्री साडेनऊ. भाजीत मीठ कमी म्हणून ताट फेकलं. डावा दंड धरून ओढलं, कोपर भिंतीवर आपटलं. सासूबाई चुलीपाशी होत्या. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं." शिवी अहिराणीत दिली असेल तर अहिराणीतच, जशीच्या तशी. चुकलं तर एक रेघ मारा, पान फाडू नका. नंतर बसून वही सुवाच्य उतरवून काढायची तर अजिबात नाही.

कोर्टाचं असं आहे की वही म्हणजे निकाल नव्हे. पण घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेली टिपणं पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते, हे साक्ष कायद्यात आहे. तशी ती वापरली तर समोरच्या वकिलालाही ती बघायचा आणि तिच्यावरून उलटतपासणी घ्यायचा हक्क मिळतो. म्हणून एक शब्दही फुगवून लिहू नका. चार नोंदी खऱ्या आणि पाचवी वाढवलेली निघाली की तो पाचवीलाच धरून बसतो.

वहीला जोड हवी ती बाहेरच्या कागदाची. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं कारण सांगा. "पायरीवरून पडले" असं केसपेपरवर एकदा आलं की पुढे फार जड जातं. पैशाचंही लिहा: मजुरी कोणी घेतली, गळ्यातली पोत कोणी गहाण टाकली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ आणि आर्थिक छळ दोन्ही येतात.

या कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमचं ऐकून घटनेचा अहवाल भरून देतात, त्या वेळी तारखा वहीतूनच निघतात. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाईन लावा.

गळा दाबला, रॉकेल किंवा कोयता दाखवला, तर लिहीत बसू नका. पोरांना घेऊन बाहेर पडा, पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लावा. नोंद नंतर होईल.

आणि ताई, उत्तर द्यायचं ते फोन तुमच्या एकटीच्या हातात असेल तेव्हाच. गावाचं नाव लिहू नका, तालुका सांगितलात तरी पुरे.