विंडोजचे अपडेट घ्यावे की थांबावे: कर सल्लागाराच्या दोन संगणकांच्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जीएसटी आणि आयकराची कामे दोन संगणकांवर चालतात, लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आणि डेस्कटॉप सहाव्या पिढीचा, दोन्हींवर विंडोज १०. परिचयातील एकाचा संगणक अपडेटनंतर सुरूच झाला नाही, म्हणून आपण अपडेट कायमचे बंद करणारे एक साधन दोन्हीकडे बसवले आहे. आता विंडोज ११ घ्यावे, असे सगळीकडून सांगितले जात आहे आणि ऐन रिटर्नच्या दिवसांत काही बिघडले तर काय, ही धास्ती आहे.

ही धास्ती रास्त आहे, पण आपण दोन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधले आहेत. दरमहा येणारे सुरक्षा अपडेट हा एक निर्णय आणि विंडोजची आवृत्तीच बदलणे हा दुसरा. पहिल्याच्या बाबतीत प्रश्न फक्त 'कधी' एवढाच असतो. दुसऱ्याच्या बाबतीत 'घ्यावे का' हा प्रश्नही खरा असतो. दोन्हींत मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते: बिघडले तर मागे येण्याची वाट आपण आधी पाहून ठेवली आहे का.

मासिक अपडेट मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे ते प्रत्यक्षात बुधवारी सकाळी दिसते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखांच्या दरम्यान केव्हाही येतो, आणि मासिक भरणा करणाऱ्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ११ तारखेला, तर ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) २० तारखेला असतो. म्हणजे अपडेट नेमके आपल्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यातच दारात उभे राहते. यावर उपाय अपडेट बंद करणे हा नाही. सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स' आहे, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ते ३५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. आपण २१ तारीख ठरवून घ्या. तोवर जगभरातील लोकांनी ते अपडेट बसवलेले असते, काही मोठी चूक असेल तर ती उघडकीला आलेली असते, आणि उशीरही फार तर दोन आठवड्यांच्या आतच राहतो. महिन्याच्या शेवटी 'प्रीव्ह्यू' या नावाने दिसणारे ऐच्छिक अपडेट मात्र घेऊच नये. त्यातील सुधारणा पुढच्या महिन्याच्या नियमित अपडेटमध्ये येतातच.

या नियमाला एक अपवाद आहे. एखाद्या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झाला आहे, असे मायक्रोसॉफ्टने किंवा भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केले, तर रिटर्नची तारीख न पाहता त्याच संध्याकाळी बॅकअप घेऊन अपडेट बसवावे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस आठवून पाहा. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी मिळाली होती आणि हल्ला झाला १२ मे रोजी. जवळजवळ दोन महिने औषध घरात होते. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तीच त्रुटी इतर मार्गांच्या जोडीने वापरली आणि त्याचा फटका न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचला. हिशेबाच्या फायली ज्या संगणकावर आहेत आणि ज्याला डिजिटल सहीचे टोकन (सहीची किल्ली असलेले छोटे यूएसबी उपकरण) लावले जाते, त्यावर हे टाळण्याजोगे संकट ओढवून घेऊ नये. म्हणून ते अपडेट बंद करणारे साधन आजच काढून टाका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मासिक अपडेटने खरोखर काही बिघडलेच तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' केल्यास दुरुस्तीचा पडदा येतो आणि तेथून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करता येते. संगणक सुरूच होत नसेल तर लागोपाठ काही वेळा अयशस्वी झाल्यावर तोच पडदा बहुधा आपोआप येतो.

आता आवृत्ती बदलण्याविषयी. येथे सावधगिरीला भरपूर आधार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधील फायली पुसल्या; मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचे वितरण थांबवले आणि १३ नोव्हेंबरला ती दुरुस्त करून पुन्हा दिली. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात ती घेतली त्यांतील ज्यांच्याकडे बॅकअप नव्हता त्यांना ही दुरुस्ती फारशी उपयोगाची नव्हती. परंतु विंडोज १० ला कायम चिकटून राहण्याचा पर्यायही आता उरलेला नाही, कारण त्याचा नियमित सपोर्ट, म्हणजे विनामूल्य सुरक्षा अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

आपला लॅपटॉप आठव्या पिढीचा असल्याने तो विंडोज ११ च्या अटींत बसण्याची दाट शक्यता आहे. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी संगणकाची मूळ प्रणाली) समोर काय लिहिले आहे ते पाहा. 'यूईएफआय' ही नवी पद्धत असेल तर उत्तम. 'लेगसी' ही जुनी पद्धत असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते, आणि ते काम जाणकाराला समोर बसवूनच करावे. विंडोज ११ ची आणखी एक अट म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा; ती 'नाही' असे दिसले तर बहुतेक वेळा ते बायोसमध्ये नुसते बंद असते. इंटेलच्या यंत्रांत ते पीटीटी या नावाने सापडते. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. फिरत्या डिस्कवर विंडोज ११ चालते, पण इतके रखडते की दोष नव्या आवृत्तीला दिला जातो.

बॅकअपबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण 'बॅकअप आहे' असे म्हणणाऱ्या पुष्कळांकडे प्रत्यक्षात फक्त कॉपी केलेले एक फोल्डर असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे तो बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क डेस्कटॉपला लावा आणि एका ग्राहकाची कंपनी उघडून शेवटची नोंद दिसते का ते पाहा. जी प्रत उघडून पाहिली नाही तिला मी बॅकअप मानत नाही. ईमेल आउटलुकमध्ये असेल तर त्याची पीएसटी फाइल (जिच्यात ईमेल साठवलेले असतात ती) वेगळी घ्या. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये केलेली पत्रे आणि ठराव असतील तर त्या फाँटच्या फायलीही जपून ठेवा. जुन्या विंडोजवरच अपग्रेड केल्यास त्या राहतात, पण कोरे इन्स्टॉलेशन करावे लागले तर त्या जातात आणि मग मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. डिजिटल सहीची काळजी मात्र करू नका; तिची खासगी किल्ली टोकनमध्येच असते, संगणकावर नाही. नव्याने लागेल तो टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करण्यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर, म्हणून दोन्हींची विंडोज ११ वर चालणारी प्रत आधीच उतरवून ठेवा. प्रिंटर-स्कॅनरचेही तसेच.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'ने कुलूपबंद असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती शोधून कागदावर छापून कपाटात ठेवा. संगणक बंद पडल्यावर संगणकातील किल्ली वाचता येत नाही.

अपग्रेडसाठी विंडोज अपडेटमधूनच प्रस्ताव येईपर्यंत थांबावे. आपल्या मॉडेलशी काही ज्ञात अडचण असेल तर मायक्रोसॉफ्ट त्या यंत्रांना प्रस्तावच दाखवत नाही; बाहेरून फाइल उतरवून जबरदस्तीने अपग्रेड करणारे नेमके हेच संरक्षण मोडतात.

डेस्कटॉपचे उत्तर वेगळे आहे. सहावी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही. अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या फिरत असतात, परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि व्यवसायाच्या यंत्रावर बिनहमीचा पाया मला मान्य नाही. डेस्कटॉपवर विंडोज १० ची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती आहे का पाहा, थकलेली सर्व अपडेट बसवा आणि सपोर्ट संपल्यानंतरही सुरक्षा अपडेट देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित योजनेत (ईएसयू) नोंदणी करा. व्यक्तिगत वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास ती विनामूल्य मिळते, नाहीतर ३० डॉलर भरावे लागतात. कार्यालयीन डोमेनला जोडलेल्या यंत्रांना ही व्यक्तिगत योजना लागू होत नाही. ही मुदत यंत्र बदलण्यासाठी पैसे बाजूला काढण्याची आहे, असेच तिच्याकडे पाहावे.

क्रम असा ठेवा: आधी डेस्कटॉप अद्ययावत करून त्यावर टोकनने सही होते याची खात्री, मग २१ तारखेनंतरच्या मोकळ्या शनिवारी लॅपटॉपचे अपग्रेड. दोन्ही यंत्रांना एकाच दिवशी हात लावू नये. अपग्रेडनंतर 'गो बॅक' हे बटण १० दिवसच उपलब्ध असते, आणि तेही विंडोज.ओल्ड हे फोल्डर जागेवर असेल तरच. तेव्हा जागा मोकळी करण्यासाठी डिस्क क्लीनअप चालवू नका. त्या १० दिवसांत टोकनने प्रत्यक्ष सही, एक छपाई, एक स्कॅन, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि एक जुने मराठी पत्र एवढे तपासा. यांतील एखादे अडले आणि दोन दिवसांत सुटले नाही, तर निःसंकोच मागे फिरा आणि पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर पुन्हा प्रयत्न करा. तोपर्यंत लॅपटॉपलाही त्याच विस्तारित योजनेत नोंदवून ठेवा.