सुट्ट्या पैशांत आलेलं नाणं टांकसाळीतच चुकलंय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही दोन नाण्यांबद्दल विचारलंय: ₹ चिन्ह नसलेलं दहाचं आणि कडेचा गोलसर तुकडा गेलेलं १९९९चं एक रुपयाचं.

दहाच्या नाण्यात चूक काहीच नाही. ₹ चिन्ह नाण्यांवर आलं २०११पासून, त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसं? दहाच्या नाण्याचे १४ नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेनेच २०१८मध्ये सांगितलं होतं.

रुपयाचं नाणं मात्र भिंगाखाली धराच. त्याचं मूळ वजन ४.८५ ग्रॅम. तुमचं कमी भरेल, पण कानस मारलेलंही कमीच भरतं, त्यामुळे वजनावरून निकाल लागत नाही. तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बघा. ठसा मारण्याआधी कोऱ्या चकतीला कडेने दाबून काठ उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथला काठ पुसट, सपाट राहतो. समोरचा काठ ठसठशीत असेल, तर तुकडा नंतर कुणीतरी कापलाय. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती घरी बसून बनवणं फार अवघड आहे.

असाच विचार प्रत्येक नाण्याला लावा: ठसा बसताना हे घडू शकतं का? दहाच्या नाण्यात सिंह तिरके आणि कड्यावरचं 'भारत' सरळ दिसलं, तर मधला भाग काढून पुन्हा ठोकलाय; टांकसाळीत दोन्ही एकाच डायने (ठसा उमटवणाऱ्या साच्याने), एकाच दाबात उमटतात. उलट 'लखी' नाणं खरं असू शकतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं.

डाय फिरल्यामुळे एका बाजूचा ठसा दुसरीच्या मानाने तिरका बसलाय का, हे तपासायला सिंहमुद्रा सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागचा आकडा सरळ हवा. थोडा कल नेहमीचाच, पण १८० अंश फिरलेलं असेल तर जपून ठेवा.

नाणं घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही. आणि विकत घेतो म्हणून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे फसवे प्रस्ताव येतात आणि बँकेने २०२१मध्ये तसा इशाराही दिलाय.

रुपयाच्या दोन्ही बाजूंचे आणि समोरच्या काठाचा जवळून काढलेला फोटो टाका, बघून सांगतो.