काळा दगड बघून घाई नको

अंटार्क्टिकाच्या ॲलन हिल्सवर सापडलेल्या उल्कापाषाणाचा काळा नमुना हाती आला, की लगेच ‘सीएम२’ (कार्बनी उल्कांच्या सीएम गटातला, पाण्याने बदललेला प्रकार) लिहून मोकळा होऊ नकोस. आधी वितळकवच, म्हणजे वातावरणातून येताना वितळून बनलेला बाहेरचा थर, बघ: किती टिकलंय, भेगा कुठे आहेत, पांढरे क्षार कुठे फुटलेत. हे क्षार बहुतेक बर्फातल्या मुक्कामातच वर येतात. त्यांना मूळ लघुग्रहावरच्या पाण्याची खूण समजू नकोस. असे क्षार दिसले, की झीजश्रेणीपुढे (उल्का पृथ्वीवर किती झिजली ते सांगणाऱ्या अक्षरापुढे) ‘ई’ लावतात ते यासाठीच. कापताना पाणी तर अजिबात वापरू नकोस, सगळे धुऊन जातात!

मग सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप बघ. कॉन्ड्रूल (उल्केतले गोल दाणे) ०.३ मिमीच्या आसपास आणि मॅट्रिक्स (दाण्यांमधला बारीक भरणा) भरपूर, तर सीएम, ०.१५ मिमी आणि मॅट्रिक्स कमी, तर सीओ हा दुसरा कार्बनी गट. सीएमपुढचा आकडा २ की १, हे मूळ लघुग्रहावरच्या पाण्याने खनिजं किती बदलली त्यावर ठरव. तरी अडलंच, तर ऑक्सिजनची समस्थानिकं (वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजून घे.