‘पोर्टेबल लायब्ररी’ला ‘सुवाह्य ग्रंथालय’ म्हणावे का?

एका तांत्रिक व्याख्यानाच्या पत्रकासाठी केलेले भाषांतर पाठवून प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे, की ‘पोर्टेबल ओपन सोर्स लायब्ररी’ तयार करणे आणि ती मेंटेन करणे, याला ‘सुवाह्य मुक्तस्रोत ग्रंथालयाची बांधणी व परिरक्षण’ म्हटले तर चालेल का. येथे लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरण्यासाठी लिहून ठेवलेल्या तयार कोडचा संच; तिचा कोड सर्वांना खुला असला की ती ओपन सोर्स, आणि निरनिराळ्या यंत्रांवर चालली की पोर्टेबल. भाषांतराच्या व्याकरणात काही चुकलेले नाही. परंतु हे पत्रक वाचून येणारा श्रोता फिरत्या वाचनालयाविषयी ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने येईल, अशी मला भीती वाटते.

‘ग्रह्’पासून जसे ‘ग्राह्य’, तसे ‘वह्’पासून ‘वाह्य’, म्हणजे वाहून नेण्याजोगे. त्याला ‘सु’ लागला की ‘सुवाह्य’ होते, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही वाहून नेणे हाच आहे. (विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘सुवाहक’शी त्याची गल्लत होते, ती गोष्ट निराळी.) हातात धरून नेता येणारा टाइपरायटर सुवाह्य असतो, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारा प्रोग्रामही सुवाह्य म्हणता येईल. लायब्ररी मात्र वाहून नेण्याची अडचण कोणालाच नसते, कारण काही मेगाबाइटच्या फाइली कुठेही पाठवता येतात. अडचण असते ती पुढची: नव्या यंत्रावर तोच सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ कोड) मुकाट्याने कंपाइल होतो का, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतो का, आणि झाल्यावर पूर्वीसारखाच वागतो का.

सी या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक साठवण्याचा ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटांचा असतो, तर ६४ बिट विंडोजवर ४ बाइटांचाच. फाइलची लांबी ‘लाँग’मध्ये ठेवणारी लायब्ररी लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि विंडोजवर २ जीबीपेक्षा मोठी फाइल समोर येताच चुकते. दुसरी खोड बाइटांच्या क्रमाची आहे. ‘अङ्कानां वामतो गतिः’ या नियमाने संस्कृत ग्रंथकार शब्दांत संख्या सांगताना एकं स्थानापासून सुरुवात करत; आपणही ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र २ आधी लिहितो. यंत्रांतही हे दोन्ही संप्रदाय आहेत: इंटेलचे प्रोसेसर संख्येतील कमी स्थानिक किमतीचा बाइट आधी ठेवतात, आयबीएमचे मेनफ्रेम जास्त किमतीचा. एसक्यूलाइट या लायब्ररीने आपल्या डेटाबेस फाइलच्या मथळ्यातील बहुबाइटी संख्यांसाठी जास्त किमतीचा बाइट आधी, असा एकच क्रम ठरवून टाकला आहे, मग यंत्र कोणतेही असो. त्यामुळे एका संगणकावरची फाइल भिन्न संप्रदायाच्या संगणकावर जशीच्या तशी उघडते. ही फाइल खरोखर ‘सुवाह्य’ आहे. सोर्स कोडच्या गुणासाठी मी ‘स्थलांतरक्षम’ हा शब्द सुचवीन. स्थलांतरात जुनी जागा सुटते आणि येथे ती सुटत नाही, एवढी उणीव त्यात आहे हे मान्य करतो. तरी नव्या जागी जाऊन तग धरण्याचा अर्थ त्यातून कळतो.

‘ग्रंथालय’ हा शब्द एकेकाळी शोभला असता. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक संगणकाजवळ, वारंवार लागणाऱ्या सबरूटीनांच्या (प्रोग्रामच्या छोट्या तयार तुकड्यांच्या) छिद्रित कागदी फिती पोलादी कपाटात मांडून ठेवलेल्या असत. हवी ती फीत काढायची, तिची प्रत आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. आज कपाट नाही, फितीही नाहीत. शिवाय ‘ग्रंथालयाची बांधणी’ म्हटले की इमारत तरी डोळ्यांसमोर येते, नाहीतर पुस्तकबांधणी. ‘लायब्ररी’ मराठीत स्त्रीलिंगी होऊन, ‘लायब्रऱ्या’ असे अनेकवचन घेऊन केव्हाच नांदू लागली आहे. तिला हलवू नये.

‘मुक्तस्रोत’ रूढ आहे, राहू द्यावा. काटेकोर बोलायचे तर ‘ओपन’ला ‘खुला’ अधिक जवळचा, आणि खुलेपणालाही मर्यादा असतात: एसक्यूलाइटचा सोर्स कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, परंतु बाहेरच्यांनी लिहिलेला कोड तिचे कर्ते सहसा स्वीकारत नाहीत.

‘परिरक्षण’ हा शब्द सरकारी कागदांत रस्ते आणि इमारती यांच्यासाठी येतो. रस्ता झिजतो, म्हणून त्याला पूर्ववत करावे लागते. लायब्ररी झिजत नाही. भोवतालचे कंपायलर आणि प्रोसेसर बदलत जातात, आणि तिचे वागणे तसेच राहावे म्हणून तिलाच बदलावे लागते. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेल्या एसक्यूलाइटला २०५० सालापर्यंत आधार देत राहण्याचा तिच्या कर्त्यांचा इरादा आहे. अर्ध्या शतकाच्या या कामाला मराठीत ‘सांभाळणे’ म्हणतात, आणि ‘ही लायब्ररी सध्या कोण सांभाळतं?’ असा प्रश्न ऐकणाऱ्याला खटकतही नाही. म्हणून पत्रकावर ‘स्थलांतरक्षम मुक्तस्रोत लायब्ररी : घडण आणि सांभाळ’ असे लिहावे, ‘सांभाळ’ ज्यांना फार घरगुती वाटेल, त्यांनी ‘देखभाल’ लिहिण्यास माझी हरकत नाही.