परसातली तळी: आजारी माशांविषयी तुमचे प्रश्न

मिरग पडला की माझ्याकडे परसातल्या तळ्या-हौदांच्या तक्रारी सुरू होतात. बहुतेकांचा प्रश्न ‘कोणतं औषध घालू?’ असाच असतो. मी मात्र आधी पाण्याबद्दल विचारतो, तेव्हा राग मानू नका.

प्रश्न (गुहागर): पोफळीच्या बागेजवळ आमचा जांभ्याचा हौद आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत पाच कोई मासे मेले. बाकीचे तळाशी निपचित आहेत. अंगावर एकही डाग नाही. दुकानदाराने निळं औषध दिलंय, घालू का?

नको, घालू नका. अंगावर खूण नसताना एकाच वेळी सगळे मासे मलूल होतात, तेव्हा दोष बहुधा पाण्यात असतो. जांभ्यातून झिरपणाऱ्या आणि पावसाच्या पाण्यात चुन्याचा अंश फार कमी असतो. त्यामुळे धो धो पाऊस लागला की सामू (पाणी किती आंबट ते सांगणारं माप, पीएच) एकदम उतरतो, म्हणजे पाणी आंबट होतं, आणि मासा तो धक्का सोसत नाही. सामूच्या पट्ट्या मिळतात, आधी त्यांनी पाणी तपासा.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. कोळेरोगासाठी (पावसात सुपाऱ्या कुजवणाऱ्या रोगासाठी) पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारलं होतं का? त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतं. अशा मृदू, चुना कमी असलेल्या पाण्यात मोरचूद माशांना फार लवकर बाधतं, आणि झावळ्यांवरून गळणारं पाणी थेट हौदात येत असेल तर तेवढंच पुरतं. फवारणीच्या आधी हौदावर ताडपत्री घाला, आणि छपराच्या पागोळ्याही दुसरीकडे वळवा.

आता करायचं ते असं. खाणं बंद ठेवा. विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या आणि रोज हौदातलं एक चतुर्थांश पाणी बदला, एकदम सगळं नको. तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत टांगा. पाणी आंबट झालं की त्या हळूहळू विरघळतात आणि सामू सावरतो. कळीचा चुना ओतण्याचा मोह मात्र टाळा. सामू एका तासात चढला तर पाण्यातल्या अमोनियाचं विष जास्त तीव्र होतं. हौद सावरता सावरता मासे गेल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न (देवगड): माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आलेत, दगडांना अंग घासतात. मीठ घाला म्हणतात, पण किती?

हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, एका सूक्ष्म परजीवीचा. मीठ योग्यच आहे, पण मापाने. टाकी मोजून घ्या. लांबी २ मीटर, रुंदी १.५ मीटर आणि पाण्याची खोली ०.६ मीटर असेल तर पाणी १८०० लिटर. लिटरला २ ग्रॅम म्हणजे एकूण ३.६ किलो जाडं मीठ. ते बादलीत विरघळवून दोन दिवसांत चार हप्त्यांनी घाला. शिरोड्याच्या मिठागरातलं असो वा बाजारातलं, फरक पडत नाही.

ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीखाली सुरक्षित असतो. मीठ तिथे पोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी फुटतो आणि शेकडो पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. मीठ मारतं ते यांना. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवू नका, निदान १० ते १४ दिवस ते तसंच ठेवा. बाष्प होऊन मीठ जात नाही, म्हणून पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घाला. पाऊस पडून हौद वाहू लागला तर मीठही वाहून जातं, तेवढं लक्षात ठेवा. कमळं, हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दुसऱ्या टपात हलवा. मागूर असेल तर मात्रा निम्मी करा, बिनखवल्यांच्या माशांना मीठ सोसत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): पावसात शेतातून चढणीचे (पहिल्या पाण्याबरोबर वर चढून येणारे) मासे आणून परसातल्या तळ्यात सोडले. थंडी पडल्यावर मरळींच्या अंगावर लाल व्रण पडलेत. खाल्ले तर चालतील का?

व्रणाच्या रूपावरून ‘अल्सरेटिव्ह सिंड्रोम’ असावा, एका बुरशीसारख्या जीवाचा. भारतात तो १९८८च्या सुमारास ईशान्येकडून शिरला आणि भराभर पसरला. मरळीला फार धरतो, तिलापियाला आणि सायप्रिनसला (कॉमन कार्पला) क्वचितच. गार आणि आंबट पाणी त्याला मानवतं, म्हणून इथे सामू सावरण्यासाठी चुना उपयोगी पडतो. १०,००० लिटर तळ्याला २०० ग्रॅम चुना पाण्यात विझवून, गार करून, चार दिवसांत वाटून द्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचं ‘सिफॅक्स’ हे या रोगावरचं औषध हेक्टरभर, मीटरभर खोल पाण्याला एक लिटर सांगितलंय, म्हणजे १०,००० लिटरच्या तळ्याला फक्त १ मिलिलीटर. ते सुईच्या सिरिंजने मोजून घ्या, झाकणाने नको.

खाण्याचं विचाराल तर व्रण पडलेला मासा खाऊ नका. हा रोग माणसाला लागत नाही, पण त्या जखमांत दुसरे जिवाणू वाढलेले असतात. आणि कुणी मॅलाकाइट ग्रीन सुचवलं तर त्याचं ऐकू नका, खायच्या माशांना ते निषिद्ध आहे. चढणीचे मासे पुढच्या वर्षी सोडायचेच झाले तर आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

प्रश्न (रोहा): माशांच्या अंगावर चपटे, हिरवट, मसुराएवढे किडे चिकटलेत.

ती माशांची ऊ. चिमट्याने अलगद काढा आणि जखमेला मिठाचं पाणी लावा. ती कडक वस्तूंवर अंडी घालते, म्हणून तळ्यात बांबूचे तुकडे टाकून दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवा. कीटकनाशक नको. कोळंबी आणि पाण्यातले उपयोगी जीव आधी मरतात.

प्रश्न (मालवण): पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकतात, उन्हात बरे असतात. काय आजार?

आजार नाही, प्राणवायू कमी पडतोय. रात्री वनस्पती आणि शेवाळही तो वापरतात आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. तळाशी कुजणारी पानं, झावळ्या काढा, निम्मं शेवाळ उपसा, पंपाचं पाणी उंचावरून पाडा. सकाळचं खाणं उन्हं चढल्यावर द्या, तेही अर्धं.