पैसे शेताला, पाणी शहराचे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहते. तेथील काउंटीने (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने) पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या प्रदूषणाची भरपाई म्हणून दूरच्या एका शेतजमिनीवरील ‘न्यूट्रियंट क्रेडिट’ विकत घेण्याचे ठरवले आहे, असे तिने कळवले. दंड भरून मोकळे होण्यासारखेच हे नाही का?

उत्तर : याला दंड म्हणता येणार नाही. दंड भरल्याने पाण्यात काही फरक पडत नाही. न्यूट्रियंट क्रेडिट म्हणजे पाण्यात जाणारी पोषकद्रव्ये दुसऱ्या कोणी कमी केल्याचे विकत घेतलेले श्रेय; त्यासाठी कोठे तरी फॉस्फरस किंवा नायट्रोजन ही पोषकद्रव्ये खरोखर कमी झालेली असावी लागतात. तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे.

व्हर्जिनियाचा मोठा भाग चेसापीक उपसागराच्या पाणलोट क्षेत्रात येतो. सहा राज्ये आणि वॉशिंग्टन शहर मिळून सुमारे ६४ हजार चौरस मैलांवरचे पाणी या उपसागरात उतरते. त्याबरोबर येणाऱ्या नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. म्हणून डिसेंबर २०१० मध्ये संघीय पर्यावरण संस्थेने वर्षाला नायट्रोजन १८.५९ कोटी पौंड आणि फॉस्फरस १.२५ कोटी पौंड अशी कमाल मर्यादा घालून दिली आणि तिची वाटणी राज्याराज्यांत केली. शहरी भागाच्या वाट्याला आलेली घट व्हर्जिनियाने काउंटी व शहरांना दिल्या जाणाऱ्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या परवान्यांत अट म्हणून घातली : पाच-पाच वर्षांच्या तीन परवान्यांत प्रथम त्या घटीच्या ५ टक्के, मग एकूण ४० टक्के आणि अखेरीस पूर्ण.

बांधकामाने भरलेल्या वस्तीत ही घट साधणे फार खर्चिक असते, कारण पाणी मुरवायला मोकळी जागाच उरलेली नसते. उलट एखाद्या जमीनमालकाने शेती थांबवून तेथे झाडे लावली, तर त्या जमिनीवरून दरवर्षी वाहून जाणारा फॉस्फरस तुलनेने कमी खर्चात घटतो. ओढ्याकाठी हिरवा पट्टा राखणे, खत मोजून देणे अशा ठरावीक किमान उपायांनी जेवढी घट होईल तेवढी आधी वजा केली जाते आणि त्यापलीकडची घटच, राज्याच्या पर्यावरण विभागाने प्रमाणित केल्यावर, पौंडांच्या हिशेबाने विकता येते. एकदा वापरलेला पौंड पुन्हा विकता येत नाही. येथवर व्यवहार चोख आहे, आणि उपसागराच्या दृष्टीने पाहिले तर तो शहाणपणाचाही आहे, असे मला वाटते.

अडचण आहे ती वस्तीजवळच्या ओढ्याची. क्रेडिट साधारणपणे त्याच नदीच्या खोऱ्यातील असावे लागते. परंतु जेम्स किंवा पोटोमॅक या नद्यांची खोरी इतकी विस्तीर्ण आहेत की झाडे लावलेले शेत वस्तीपासून कितीतरी मैल दूर असू शकते. शिवाय क्रेडिटचा हिशेब पोषकद्रव्यांचा आहे, पाण्याच्या लोंढ्याचा नाही. मुसळधार पावसात डांबरी रस्त्यांवरून आणि छपरांवरून एकदम धावत सुटणारे पाणी ओढ्याचे काठ खरवडते, सखल घरांत शिरते, रस्त्यावरचे तेल आणि जड धातू सोबत नेते. यांपैकी कशाचीही भरपाई दूरच्या झाडांनी होत नाही. एखाद्या ओढ्यासाठी वेगळी मर्यादा ठरलेली असेल, तर क्रेडिटच्या आधारे ती ओलांडता येत नाही, ही तरतूद चांगली आहे. पण अशी मर्यादा प्रत्येक ओढ्याला असतेच असे नाही.

तेव्हा तुमच्या मुलीने काउंटीच्या अंदाजपत्रकावरील जनसुनावणीत दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. क्रेडिट कायमस्वरूपी आहे की वर्षापुरते, कारण वर्षापुरते असेल तर तोच खर्च दरवर्षी करावा लागेल. आणि क्रेडिटमुळे वाचलेल्या पैशांतून वस्तीतल्या ओढ्यासाठी किती रक्कम राखून ठेवली आहे.